फुजीला रंग चढवणारे हात

२६ नोव्हेंबर १८६६ रोजी योकोहामाच्या जपानी वस्तीत डुकराच्या मांसाच्या एका दुकानाला आग लागली. लाकडी घरे, कागदी सरकती दारे, अरुंद गल्ल्या. आग थोपवायला जागाच नव्हती. ती पसरत विदेशी व्यापाऱ्यांच्या वसाहतीत शिरली आणि शहराचा मोठा भाग राख करून गेली. जपानी लोकांनी या आगीला ‘बुताया काजी’ हे नाव दिले. त्या राखेत फेलिचे बिआतो नावाच्या छायाचित्रकाराचा स्टुडिओही होता. जपानमध्ये तीन वर्षे फिरून टिपलेल्या दृश्यांच्या काचेच्या निगेटिव्ह एका दिवसात संपल्या.

बिआतोचा जन्म व्हेनिसचा, नागरिकत्व ब्रिटिश आणि धंदा युद्धाच्या मागे मागे जाण्याचा. क्रायमियाच्या युद्धाची छायाचित्रे काढून तो १८५८ मध्ये हिंदुस्थानात आला आणि सत्तावनच्या उठावानंतरचे लखनौ, दिल्ली, कानपूर त्याने टिपले. लखनौच्या सिकंदर बागेचे त्याचे छायाचित्र आजही इतिहासाच्या पुस्तकांत भेटते. पडझड झालेल्या इमारतीसमोर मारल्या गेलेल्या शिपायांची हाडे विखुरलेली दिसतात. चकमकीनंतर काही महिन्यांनी काढलेल्या या चित्रासाठी ती हाडे मुद्दाम मांडली होती, असे इतिहासकार मानतात. दृश्य सापडले नाही तर रचायचे, ही सवय त्याला जपानला पोहोचण्याआधीच लागली होती. १८६० मध्ये चीनमधल्या अफूच्या दुसऱ्या युद्धातून तो पुढे सरकला आणि १८६३ मध्ये योकोहामाला उतरला.

तेव्हाचे योकोहामा म्हणजे चार वर्षांपूर्वीपर्यंत मासेमारीवर जगणारे एक गाव. १८५८ च्या करारांनी जपानला आपली काही बंदरे उघडावी लागली आणि १८५९ पासून इथे विदेशी व्यापारी राहू लागले. त्यांना बंदरापासून दहा री, म्हणजे साधारण ४० किलोमीटरच्या पलीकडे मनासारखे हिंडता येत नसे. या हद्दीच्या आतही धोका होताच. १८६२ च्या सप्टेंबरात तोकाइदो या राजरस्त्यावर, नामामुगी गावाजवळ, चार्ल्स रिचर्डसन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला सात्सुमा संस्थानाच्या सामुराईंनी कापून काढले. पुढे बिआतोने त्या रस्त्याचे छायाचित्र काढले. झाडांच्या रांगेतून जाणारी शांत, रिकामी वाट त्यात दिसते. घटना माहीत नसेल तर ते निव्वळ निसर्गदृश्य वाटावे.

योकोहामात बिआतोचा भागीदार होता चार्ल्स वर्गमन, लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाचा चित्रकार. दोघांनी मिळून दुकान थाटले. छायाचित्रांवर हाताने रंग भरण्याची कल्पना बिआतोला वर्गमनच्या संगतीत सुचली, असे मानले जाते. कल्पना मुळात युरोपातली होती. तिथे व्यक्तिचित्रांच्या गालांना गुलाबी हात मारण्याची पद्धत केव्हाच पडली होती. जपानमध्ये मात्र ती अशा लोकांच्या हातात पडली ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रंग खेळत होते.

आगीनंतर बिआतोने रडत बसण्याऐवजी कॅमेरा उचलला. पुढच्या दीड-दोन वर्षांत त्याने कामाकुरा, हाकोने, तोकाइदो, एदो, नागासाकी ही ठिकाणे पुन्हा टिपली आणि १८६८ मध्ये दोन खंडांचा संग्रह विक्रीला काढला. एका खंडात जपानची स्थलदृश्ये होती, दुसऱ्यात तिथले लोक आणि त्यांचे व्यवसाय. स्थलदृश्ये बहुतेक मूळ तपकिरी छटेतच राहिली, माणसांच्या चित्रांवर रंग चढला. प्रत्येक चित्रासमोर छापील टिपण डकवले होते. जहाजातून उतरलेल्या माणसाला देश ज्या क्रमाने पाहायला हवा, तो क्रम या खंडांनी ठरवून दिला. पुढची तीस-चाळीस वर्षे योकोहामाचे स्टुडिओ जवळजवळ त्याच क्रमाने चालले.

आगीआधीची बिआतोची काही कामे विकल्या गेलेल्या प्रतींमुळे वाचली. अतागोयामा टेकडीवरून पाच तुकड्यांत टिपलेले एदोचे विशाल दृश्य त्यांपैकी एक. त्यात नजर पोहोचेल तिथवर सरदारांच्या वाड्यांची राखाडी कौले दिसतात, आणि त्या छपरांच्या समुद्रात एकही माणूस ठळक दिसत नाही. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता गेली, एदोचे तोक्यो झाले आणि ते वाडे एकामागून एक ओसाड पडले, पाडले गेले, सरकारी कचेऱ्या बनले.

त्या काळातले छायाचित्रण हे अंगमेहनतीचे काम होते. कलोडियन नावाचा चिकट द्रव काचेवर ओतायचा, काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ती सुकण्याच्या आत धुवायचीही. हे सगळे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. म्हणून फुजी टिपायला निघालेला छायाचित्रकार काचा, रसायने, पाणी आणि अंधाऱ्या खोलीचा तंबू हमालांच्या खांद्यावर देऊन घाट चढत असे. कलोडियनला निळा प्रकाश तेवढा चटकन कळे. आकाश त्यामुळे कोरे पांढरे उमटे, ढग नाहीसे होत. निक्कोचा शेंदरी पूल काळपट पडे. वाहते पाणी धुक्यासारखे पसरे आणि चालता माणूस चित्रात येतच नसे. ज्याला चित्रात यायचे त्याला पुतळ्यासारखे उभे राहावे लागे.

निगेटिव्हवरून प्रत काढायला अल्ब्युमेन कागद वापरत. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या या पातळ कागदावर सूर्यप्रकाशात प्रत उतरे. तिचा रंग तपकिरी-जांभळट. बारकावे मात्र विलक्षण. दूरच्या टेकडीवरचे झाडन्‌ झाड मोजता येई. या तपकिरी कागदावर रंगकामगाराचा कुंचला चालू लागला की दृश्याचे रूप पालटे.

हे रंगकामगार जपानी चित्रकलेत आणि लाकडी ठशांच्या छपाईत तयार झालेले असत. होकुसाईची फुजीची ३६ दृश्ये आणि हिरोशिगेच्या तोकाइदोवरच्या ५३ मुक्कामांची चित्रमालिका १८३० च्या दशकातली. रंगीत ठशांची ती परंपरा योकोहामात छायाचित्रण आले तेव्हाही जिवंत होती, पण नव्या काळात तिचे गिऱ्हाईक पातळ होत चालले होते. त्या हातांना स्टुडिओत काम मिळाले. पाण्यात कालवलेले पारदर्शक रंग, बांधणीला सरस, निरनिराळ्या जाडीचे कुंचले, आणि घाई अजिबात नाही. एक थर वाळला की दुसरा. खालचा तपशील झाकला जाऊ नये म्हणून रंग हलका ठेवायचा, पण बघणाऱ्याची नजर ठरेल इतका गडदही हवा. मोठ्या स्टुडिओंत काम वाटून दिलेले असे. एकाने आकाश धरायचे, दुसऱ्याने झाडी, तिसऱ्याने कपडे. कोऱ्या आकाशाला वरून गडद निळा आणि क्षितिजाकडे फिकट होत जाणारा गुलाबी हात मिळे. हिरोशिगेच्या ठशांतल्या आकाशाशी त्याचे नाते ओळखायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

रंगवणाऱ्याने ते स्थळ डोळ्यांनी पाहिलेले असेच असे नाही. त्यामुळे एकाच निगेटिव्हच्या दोन प्रतींत एका बाईचा किमोनो निळा, तर दुसरीत जांभळा सापडतो. एका अल्बममध्ये सरोवर हिरवट, दुसऱ्यात आकाशी. चेरीचा बहर कलोडियनला पांढऱ्या डागांसारखा दिसे, त्याला गुलाबी करायचे काम कुंचल्याकडे होते. घेणाऱ्यालाही बहर गुलाबीच हवा असे.

घेणारे कोण होते, हे जहाजांच्या वेळापत्रकांवरून कळते. १८६७ मध्ये सान फ्रान्सिस्को ते योकोहामा अशी नियमित आगबोट सुरू झाली. १८६९ मध्ये अमेरिका खंड ओलांडणारी रेल्वे पूर्ण झाली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला. पृथ्वीला वळसा घालणे हे आता पैसेवाल्या माणसाच्या सुटीत बसू लागले. थॉमस कुकने १८७२ मध्ये पहिली जगप्रदक्षिणेची सहल काढली. योकोहामाच्या किनाऱ्यावर १८७३ मध्ये ग्रँड हॉटेल उभे राहिले. अशा पाहुण्यांच्या हाती योकोहामात काही दिवस किंवा काही आठवडे असत. स्टुडिओत ते नमुन्यांच्या वह्या चाळत, हवी ती चित्रे निवडत, आणि निघायच्या आत अल्बम तयार होई. बहुतेक अल्बम ५० चित्रांचे असत. चित्रांच्या खालच्या कोपऱ्यात क्रमांक आणि इंग्रजी शीर्षक असे. बाहेरच्या फळ्या लाखेच्या, त्यांवर सोन्याची भुकटी, शिंपले, हस्तिदंत बसवून केलेले पक्षी, फुले आणि फुजी. चित्राआधी वेष्टनच विकले जाई, असे म्हणावे इतके ते देखणे असे.

१८७१ मध्ये ऑस्ट्रियाचा सरदार राइमुंड फॉन स्टिलफ्रीड याने योकोहामात स्टुडिओ उघडला. चित्रकलेचे शिक्षण घेतलेला हा माणूस धाडसी होता. १ जानेवारी १८७२ रोजी सम्राट मेइजी योकोसुकाच्या गोदीला भेट देत असताना त्याने परवानगीशिवाय सम्राटाचे छायाचित्र काढले. सरकारने दबाव आणून निगेटिव्ह जप्त केली. त्याच वर्षी उचिदा कुइची या जपानी छायाचित्रकाराकडून सम्राटाची अधिकृत छायाचित्रे काढून घेतली गेली. सम्राटाचे रूप कोणी आणि कसे दाखवायचे, हे आता दरबार ठरवणार होता. देशाचे रूप मात्र दुकानदार ठरवत राहिले.

बिआतोचा जीव एव्हाना छायाचित्रांतून उडाला होता. जमिनी, हॉटेल, चांदीचा सट्टा, यांत तो गुंतत गेला. १८७७ मध्ये त्याने आपला सगळा साठा स्टिलफ्रीड आणि त्याचा भागीदार हर्मन आंडरसन यांना विकला. १८८४ मध्ये तो जपान सोडून गेला तेव्हा सट्ट्याने त्याला बहुतेक धुऊन काढले होते. नंतर ब्रह्मदेशात त्याने कलावस्तूंचे दुकान टाकले.

आडोल्फो फार्सारी हा या धंद्यातला सर्वांत रंगेल माणूस. इटलीतल्या विचेंझाचा, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला, १८७३ मध्ये जपानला आलेला. आधी त्याने कागद, नकाशे, प्रवास-मार्गदर्शिका विकल्या. छायाचित्रण तो स्वतःच शिकला. १८८५ मध्ये त्याने छायाचित्रकार तामामुरा कोझाबुरोच्या भागीदारीत स्टिलफ्रीड-आंडरसनचा जुना धंदा विकत घेतला आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये स्टुडिओ जळाला. बिआतोवर वीस वर्षांपूर्वी ओढवले तेच त्याच्यावर. फार्सारी पाच महिने देशभर हिंडला, नव्या निगेटिव्ह घेऊन परतला आणि १८८७ मध्ये दुकान पुन्हा उघडले. १८८९ पर्यंत त्याचा साठा सुमारे हजार चित्रांचा झाला.

रंगकामावर त्याची करडी नजर होती. येणाऱ्या उमेदवाराला जपानी चित्रकलेची जाण आहे की नाही हे तो स्वतः तपासे. मग काही महिने बिनपगारी शिकवणी, त्यानंतर हळूहळू वाढणारा पगार. हात बसलेल्या माणसाला इतर स्टुडिओंच्या दुप्पट मिळकत होई, रविवारी कामाला आल्यास रोजचा दर दुप्पट. त्याच्याकडचा कामगार दिवसाला दोन किंवा तीन चित्रेच रंगवी. यावरून एकेका चित्रावर किती वेळ जाई हे कळते. बहिणीला लिहिलेल्या पत्रात फार्सारीने हेही सांगून टाकले की कामगारांवर ओरडणे, शिव्या देणे, मारणे हे तो ठरलेल्या वेळापत्रकानुसार करतो. त्याच्या दुकानात एके काळी तीसेक माणसे होती आणि त्यांतली १९ फक्त रंग भरणारी. म्हणजे कॅमेऱ्यामागे एखाद-दोघे आणि कुंचल्यामागे निम्म्याहून अधिक दुकान. मुंबईत जन्मलेला रडयार्ड किपलिंग १८८९ मध्ये जपानला गेला तेव्हा त्यानेही फार्सारीच्या छायाचित्रांची तारीफ केली. पुढच्याच वर्षी फार्सारी लहान मुलीला घेऊन इटलीला गेला आणि परत आला नाही.

कुसाकाबे किम्बेईची वाट उलट्या बाजूने सुरू झाली. १८४१ चा, कोफू गावचा हा मुलगा योकोहामात बिआतोकडे चित्रे रंगवायला लागला. कुंचल्यापासून सुरुवात करून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलेला तो या धंद्यातला सर्वांत यशस्वी जपानी. १८८० च्या सुमारास त्याने बेंतेन-दोरीवर स्वतःचा स्टुडिओ काढला. विदेशी माणसाला निक्को, क्योतो किंवा बिवा सरोवराकडे जायला परवाना लागे, आणि ही अट १८९९ मध्ये करार बदलेपर्यंत टिकली. किम्बेईला असली अडचण नव्हती. त्याच्या यादीत हाकोनेचे सरोवर, ओतोमे खिंडीतून दिसणारा फुजी, निक्कोचे योमेइमोन द्वार, अराशियामाची नदी, कामेइदोच्या मंदिरातल्या विस्टेरियाच्या वेली, होरिकिरीची आयरिसची तळी, इवाकुनीचा कमानदार लाकडी पूल हे सगळे होते. शिवाय बिआतो, स्टिलफ्रीड, उचिदा यांच्या काही निगेटिव्हही फिरत फिरत त्याच्याकडे आल्या आणि त्या तो आपल्याच क्रमांकांखाली विकू लागला.

या चित्रांतला देश बघताना एक गोष्ट खटकते. १८७२ मध्ये योकोहामा-तोक्यो रेल्वे सुरू झाली. १८७६ मध्ये सामुराईंना उघड तलवार बाळगायची बंदी झाली. कारखाने, तारेचे खांब, विटांच्या इमारती, टोपी घातलेले कारकून रोजच्या दिसण्यातले झाले. अल्बममध्ये मात्र पालखी उचललेले भोई, चिलखतातला सामुराई, देवदारांच्या रांगेतून जाणारे वाटसरू भेटत राहिले. सामुराई म्हणजे भाड्याने आणलेला माणूस आणि स्टुडिओच्या पेटीतली चिलखते. किम्बेईच्या एका गाजलेल्या चित्रात छत्री धरलेली मुलगी वादळाशी झुंजताना दिसते. तिच्या किमोनोचा पदर ताणून धरला आहे आणि पाऊस म्हणजे निगेटिव्हवर ओढलेल्या रेघा.

कामाकुराचा ब्राँझचा महाबुद्ध या धंद्याला अगदी जवळचा. योकोहामापासून दहा रीच्या हद्दीत, एका दिवसात जाऊन येण्याजोगा, आणि तेराव्या शतकातला. पाहुणे त्याच्या जुळवलेल्या हातांवर चढून बसत आणि छायाचित्र काढून घेत. विक्रीच्या चित्रांतून मात्र ही गर्दी बहुधा गायब असे आणि बुद्ध झाडांच्या हिरव्या पार्श्वभूमीवर एकटा बसलेला दिसे.

तरी ही चित्रे खोटी म्हणून बाजूला सारता येत नाहीत. कॅमेऱ्याने मियानोशिताच्या चढावरची घरे, छपरांवर ठेवलेले दगड, दुकानांच्या पाट्या, भातशेतीचे बांध, पुलांचे लाकडी सांधे इतक्या नेमकेपणाने धरले आहेत की वास्तूंचा आणि शहरांचा अभ्यास करणाऱ्यांना त्याच अल्बमांकडे वळावे लागते. गिऱ्हाइकाला जुना जपान हवा म्हणून तो विकला गेला, आणि विकला गेल्यामुळे जगभर पसरलेल्या प्रतींत जपला गेला.

१८८० च्या दशकात सुक्या काचा आल्या आणि ओल्या काचेची धावपळ संपली. १८८३ मध्ये एसाकी रेइजी या छायाचित्रकाराने सुमिदा नदीतल्या पाणसुरुंगाचा स्फोट त्या क्षणी टिपून दाखवला तेव्हा लोक थक्क झाले. १८९० च्या दशकात धंद्याने कळस गाठला. बॉस्टनच्या जे. बी. मिलेट या प्रकाशकाने कॅप्टन फ्रान्सिस ब्रिंकलीच्या संपादनाखाली जपानविषयक बहुखंडी ग्रंथ काढला. त्यात हाताने रंगवलेल्या खऱ्या अल्ब्युमेन प्रती चिकटवलेल्या होत्या. त्यांचा मोठा भाग तामामुराच्या स्टुडिओतून गेला, आणि एवढ्या प्रती रंगवायला त्याला कारागिरांची फौज लावावी लागली. त्याच ग्रंथात ओगावा काझुमासाची कोलोटाइप पद्धतीने छापलेली फुलांची रंगीत चित्रे होती. कोलोटाइपमध्ये छायाचित्र शाईने छापले जाते. एकेक प्रत उन्हात धरायची गरज उरत नाही. हाताने रंगवलेल्या प्रतीला पर्याय त्याच ग्रंथाच्या पानांत तयार होत होता.

पर्यटकाच्या हातात आता स्वतःचा कॅमेराही आला. कोडॅकचा पहिला कॅमेरा १८८८ चा. १९०० मध्ये जपानी सरकारने खासगी पोस्टकार्डांना परवानगी दिली आणि रशियाशी झालेल्या १९०४-०५ च्या युद्धात पोस्टकार्डांचे वेड देशभर पसरले. पन्नास चित्रांच्या लाखेच्या अल्बमऐवजी मूठभर रंगीत पोस्टकार्डे स्वस्तात मिळू लागली. किम्बेईने १९१४ च्या आसपास दुकान बंद केले. रंगकामाची सवय काही वर्षे मॅजिक लँटर्नच्या काचांवर टिकली. तोशी एनामी या व्यापारी नावाने काम करणारा योकोहामाचा एनामी नोबुकुनी त्यात वाकबगार होता. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने आणि त्यामागून आलेल्या आगीने योकोहामा पुन्हा जमीनदोस्त केले, त्यात एनामीचा स्टुडिओही गेला.

शहरात राहिलेले जळाले, बाहेर गेलेले वाचले. इंग्लंड, अमेरिका, युरोपातल्या घरांच्या माळ्यांवरून हे अल्बम हळूहळू ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत पोहोचले. नागासाकी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जुन्या छायाचित्रांचा मोठा संग्रह जमवून तो लोकांना खुला केला. अभ्यासकांना मात्र एक गुंता सोडवत बसावे लागले. निगेटिव्ह दुकानांबरोबर विकल्या जात, नवा मालक जुना क्रमांक खोडून आपला घाली, आणि बिआतोचे दृश्य किम्बेईच्या नावाने खपे. ब्रिटिश संशोधक टेरी बेनेट यांनी प्रत्येक स्टुडिओचे क्रमांक आणि शीर्षके जुळवून याद्या तयार केल्या. एखाद्या फुजीचा कोपऱ्यातला आकडा, अक्षरांचे वळण आणि शीर्षकाची शब्दरचना पाहून ते चित्र कोणत्या दुकानातून निघाले हे आता बरेचदा सांगता येते. आकाशातला निळा हात ज्याचा, त्याला मात्र कोणत्याही स्टुडिओने क्रमांक दिला नव्हता.